फाइल कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे मानद स्वरूपात सांभाळतो. त्याखेरीज एक शाळा आणि चादर-टॉवेलचा व्यापार करणारे पूर्व भागातील एक कुटुंब यांच्या संकेतस्थळांचे काही अडले, की तेही मला बोलावतात. या कामात पुन्हा पुन्हा समोर येणारी एक अडचण आणि तिच्यावर सर्रास सांगितला जाणारा एक घातक उपाय यांविषयी हे पत्र लिहीत आहे. आपल्याच संकेतस्थळावरील फाइल आपल्याला बदलता न येणे ही ती अडचण, आणि फाइलींवरचे सगळे हक्क सर्व खात्यांना देऊन टाकणे हा तो उपाय. विषय तांत्रिक आहे, याची मला जाणीव आहे. परंतु थोड्या पैशांत होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची भाड्याची जागा) घेणारी आपल्या जिल्ह्यातील वाचनालये, पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालये आणि दुकानदार यांना त्याचा फटका बसतो, आणि ज्यांना तो बसतो त्यांना आपले नेमके काय बिघडले हे कोणी समजावून सांगत नाही. म्हणून ते वृत्तपत्रातून, सर्वांना कळेल अशा भाषेत मांडावे असे वाटले.

यंदा गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला झाली. ग्रंथपाल बाईंनी तिची चाळीसेक छायाचित्रे संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाच्या पानावरून स्वतः अपलोड केली. छायाचित्रे मोबाइलवर काढलेली, प्रत्येक सहा-सात एमबीचे; त्यामुळे ते पान उघडायला फार वेळ लागू लागला. मी ती घरी लहान करून घेतली आणि त्याच नावांनी एफटीपीमार्फत, म्हणजे फाइली थेट संकेतस्थळाच्या जागेत पाठवण्याच्या पद्धतीने, जुन्यांच्या जागी ठेवायला गेलो. एफटीपीच्या खिडकीत लाल अक्षरांत ओळ उमटली : ५५०, परवानगी नाकारली. एकही छायाचित्र बदलता आले नाही, काढून टाकता आले नाही, त्याचे नावसुद्धा बदलता आले नाही. खाते वाचनालयाचे, पासवर्ड वाचनालयाचा, छायाचित्रेही वाचनालयाचीच, आणि तरीही सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक) आम्हाला हात लावू देत नव्हता.

त्या खिडकीत फाइलींच्या यादीला अगदी उजवीकडे एक रकाना असतो. त्यात फाइलीचा मालक आणि गट लिहिलेला असतो. तिथपर्यंत यादी सरकवत न्यावी लागते, म्हणून बहुतेकांच्या नजरेस तो पडतच नाही. मी पूर्वी एफटीपीने ठेवलेल्या फाइलींसमोर त्या रकान्यात १००४ हा आकडा होता आणि ग्रंथपाल बाईंच्या छायाचित्रांसमोर ३३ होता. सगळे दुखणे या दोन आकड्यांत आहे.

बहुसंख्य होस्टिंग सर्व्हर लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालतात, आणि लिनक्समध्ये प्रत्येक फाइल कोणाच्या तरी नावावर असते. ज्या खात्याच्या हातून ती निर्माण झाली, ते खाते तिचे मालक. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक फाइलीला तिचा सातबारा असतो. मालक, गट आणि इतर सर्व जण, अशा तिघांना त्या सातबाऱ्यावर वेगवेगळे हक्क लिहून दिलेले असतात : वाचण्याचा हक्क म्हणजे ४, लिहिण्याचा २ आणि चालवण्याचा १. यांची बेरीज करून प्रत्येकाचा एकेक आकडा होतो. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, गटाने आणि इतरांनी फक्त वाचावे. फोल्डरच्या बाबतीत १ चा अर्थ आत शिरण्याची मुभा असा होतो, म्हणून फोल्डरला साधारणपणे ७५५ देतात. आमचे संकेतस्थळ ज्यावर चालते त्या वर्डप्रेससारख्या संकेतस्थळ-प्रणालीसाठी हेच दोन आकडे योग्य मानले जातात.

आता अडचण अशी, की वाचनालयाच्या संकेतस्थळावर दोन हात काम करत होते. मी एफटीपीने आत जातो तेव्हा सर्व्हर मला १००४ या क्रमांकाचे खाते म्हणून ओळखतो. पण ग्रंथपाल बाई ब्राउझरमधून छायाचित्र पाठवतात तेव्हा ते लिहून घेणारा हात त्यांचा नसतो आणि माझाही नसतो. तो वेब सर्व्हरचा, म्हणजे ब्राउझरला पाने पुरवणाऱ्या प्रोग्रामचा असतो. डेबियन आणि उबंटू या प्रचलित लिनक्समध्ये वेब सर्व्हरच्या त्या खात्याचा क्रमांक ३३ असतो. बाईंची छायाचित्रे ३३ च्या नावावर चढली, ज्या फोल्डरमध्ये ती गेली तो महिन्याचा फोल्डरही वर्डप्रेसने त्याच वेळी ३३ च्या नावावर उघडला, आणि म्हणून मला तिथे वाचण्यापलीकडे कोणताही हक्क उरला नाही. येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्यावर अनेकांची गफलत होते. फाइल काढून टाकता येते की नाही, हे त्या फाइलीच्या हक्कांवर ठरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहिण्याचा हक्क आहे की नाही, यावर ठरते. म्हणून फाइलीच्या परवानग्या कितीही चाळत बसले तरी उत्तर सापडत नाही. एक पायरी वर जाऊन फोल्डर पाहावा लागतो.

ही दोन खाती मुळात वेगळी का ठेवली, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याला सबळ कारण आहे. वेब सर्व्हर सुरू होताना त्याला ८० क्रमांकाचे द्वार (पोर्ट) उघडावे लागते, आणि १०२४ च्या खालची द्वारे उघडण्याचा अधिकार लिनक्समध्ये परंपरेने फक्त रूट या सर्वाधिकारी खात्यालाच आहे. परंतु साऱ्या जगाच्या विनंत्या रूटच्या हाताने हाताळणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगणे होय. म्हणून अपाची किंवा एन्जिनएक्स यांसारखा वेब सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, द्वार उघडतो, आणि प्रत्यक्ष काम करण्यासाठी कमीत कमी अधिकारांच्या एका खात्यात उतरतो. ते खाते म्हणजे हा ३३. एफटीपीची कहाणी याहून जुनी आहे. फाइल पाठवण्याच्या या पद्धतीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे विद्यार्थी राहिलेले अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी मांडला. एका भारतीयाच्या हातून हे काम झाले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. त्या वेळी वर्ल्ड वाइड वेब जन्माला यायला जवळजवळ वीस वर्षे अवकाश होता. माणसाने आपल्या खात्यात शिरावे आणि आपल्या फाइली आपल्या नावावर ठेवाव्यात, एवढीच ती योजना होती. संकेतस्थळ स्वतःच स्वतःच्या फाइली लिहू लागेल, हे त्या योजनेत कुठून असणार? दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी शहाण्या आहेत. एकाच फोल्डरवर त्या एकत्र आल्या, की सातबाऱ्यावर मालक एक आणि कसणारा दुसरा अशी अवस्था होते.

मी होस्टिंग कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलाने सगळे ऐकून घेतले आणि तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, पूर्ण पब्लिक एचटीएमएल फोल्डरला ट्रिपल सेव्हन द्या, सबफोल्डरवर टिक करा, होऊन जाईल." संकेतस्थळाच्या सगळ्या फाइली याच फोल्डरमध्ये असतात. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण हाच सल्ला मला याआधी अन्य दोन कंपन्यांकडूनही मिळालेला आहे आणि दोष एका कंपनीचा नाही. ७७७ म्हणजे मालकाला, गटाला आणि सर्व्हरवरील इतर प्रत्येक खात्याला वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा पूर्ण हक्क. बांध काढून रान मोकळे सोडावे, तसा हा प्रकार आहे. हे मला ठाऊक होते. तरीही संध्याकाळ झाली होती, वाचनालयाच्या वार्षिक अहवालात त्या पानाचा उल्लेख छापून गेला होता, आणि मी तो सल्ला मानला. ती माझी चूक होती.

त्या सल्ल्याने काय झाले, ते नीट सांगतो, कारण लोकांना वाटते की ७७७ धोकादायक असले तरी निदान काम तरी करून देते. ते कामही झाले नाही. फाइलीच्या परवानग्या बदलण्याचा अधिकार फक्त तिच्या मालकाला किंवा रूटला असतो. त्यामुळे ज्या फाइली आधीच माझ्या, म्हणजे १००४ च्या नावावर होत्या आणि ज्यांची काहीच तक्रार नव्हती, त्या सगळ्यांना ७७७ लागले. आणि ज्या चाळीस छायाचित्रांवर मी अडलो होतो, त्यांच्यासमोर पुन्हा तीच लाल ओळ एकामागून एक चाळीस वेळा उमटली. निरोगी अवयव कापला गेला आणि दुखरा तसाच राहिला.

दुसरे, वर्डप्रेसमध्ये प्लगइन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) अद्ययावत करायला गेले की आमच्या ग्रंथपाल बाईंसमोर एफटीपीचा पासवर्ड मागणारी चौकट येत असे. तो पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता, आणि नसावा हेच योग्य होते. म्हणून त्या ती चौकट बंद करत, आणि कित्येक महिने एकही प्लगइन अद्ययावत झाले नव्हते. ७७७ दिल्यावरही ती चौकट गेली नाही. कारण वर्डप्रेस आपल्याला थेट लिहिता येईल की नाही हे ठरवताना एक तात्पुरती फाइल तयार करून पाहते आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का, हे ताडते. तात्पुरती फाइल ३३ ची, मूळ फाइली १००४ च्या. मग हक्क कितीही सैल केले तरी मालक जुळत नाहीत. त्या मुलाने यावरही उपाय सांगितला : सेटिंगच्या मुख्य फाइलीत एक ओळ घालून ही तपासणीच टाळायची. एवढे मात्र मी केले नाही.

अडीच आठवड्यांनी आमच्या एका सभासदांनी कळवले, की वाचनालयाचे नाव शोधले असता खाली परक्या भाषेत जुगाराच्या जाहिराती येतात. मी फाइली उघडून पाहिल्या. मुखपृष्ठाच्या फाइलीच्या सुरुवातीला अगम्य अक्षरांच्या दोन लांबलचक ओळी कोणीतरी घातल्या होत्या. बदलाची वेळ पहाटे तीनची होती. प्रवेशनोंदी चाळल्यावर वाट कळली. संपर्क-अर्जाचे एक जुने, अद्ययावत न झालेले प्लगइन होते. त्याच्या भोकातून छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, आत आली होती आणि तिने पुढचे सगळे केले होते.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. घुसलेली ती फाइल ३३ च्या नावाने चालत होती. मुखपृष्ठाची फाइल १००४ च्या नावावर होती. मी तिचे ६४४ हे मूळ हक्क तसेच ठेवले असते, तर ३३ ला ती फक्त वाचता आली असती, लिहिता आली नसती, आणि घुसखोर छायाचित्रांच्या फोल्डरपुरता अडकून पडला असता. दोन मालक असण्याचा त्रास आम्ही सोसत होतो, तो ज्या एका संरक्षणाच्या बदल्यात होता, ते संरक्षण मी त्या संध्याकाळी एका खुणेने रद्द केले. पुढचा भाग आणखी क्लेशकारक आहे. घुसखोराने जुगाराच्या पानांसाठी नवे फोल्डर उघडले होते, आणि ते ३३ च्या नावावर होते. मला त्यांतली एकही फाइल एफटीपीने काढता येईना. वाचनालयाच्या जागेत दुसऱ्याने टाकलेली घाण दिसत होती, आणि ती उचलण्याचा अधिकार वाचनालयाला नव्हता. कंपनीच्या रूट खात्यावरून मालकी बदलून मिळेपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ग्रंथपाल बाईंना आलेले फोन आणि त्यांनी प्रत्येकाला दिलेली स्पष्टीकरणे मी जवळून पाहिली आहेत. ज्या बाईंनी फक्त छायाचित्रे अपलोड केली, त्यांनाच काही जणांनी दोष दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

याच तंट्याची उलटी बाजू शाळेत पाहायला मिळाली. तिथे वार्षिक परीक्षेच्या निकालाची पीडीएफ एफटीपीने ठेवली, तर पालकांना ती उघडेना. ४०३, मनाई, असे उत्तर येई. एफटीपी सर्व्हर नवी फाइल लिहिताना तिचे कोणते हक्क कापायचे, हे एका आकड्याने ठरते. त्याला युमास्क म्हणतात. व्हीएसएफटीपीडी या नावाच्या एफटीपी सर्व्हरमध्ये तो मुळात ०७७ असतो, म्हणजे मालकाखेरीज सर्वांचे सर्व हक्क कापले जातात आणि फाइलीला ६०० मिळते. मग वेब सर्व्हरला ती वाचताच येत नाही. तो आकडा ०२२ केला, की ६४४ मिळते आणि प्रश्न मिटतो. शाळेतील शिक्षकांना मात्र फोनवर याच्याऐवजी तेच ७७७ सांगण्यात आले होते. वाचण्याचा एक हक्क कमी पडत होता, आणि त्यासाठी लिहिण्याचा हक्क सर्व्हरवरील सगळ्या खात्यांना द्यायला सांगितले गेले.

आता उपायाकडे येतो. खरा उपाय सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात आहे, ग्राहकाच्या हातात नाही. पूर्वी पीएचपी (वर्डप्रेससारखे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) हा वेब सर्व्हरचाच एक भाग म्हणून चालत असे, त्यामुळे एका सर्व्हरवर दोनशे संकेतस्थळे असली तरी सगळ्यांचा पीएचपी त्या एकाच ३३ च्या हाताने लिही-वाची. हे चित्र डोळ्यांसमोर आणावे : डेटाबेसचा पासवर्ड असलेली आमची फाइल ३३ ला वाचता आलीच पाहिजे, नाहीतर संकेतस्थळ चालणार नाही, आणि शेजारच्या एकशे नव्याण्णव संकेतस्थळांचे प्रोग्रामही ३३ च्याच नावाने चालतात, म्हणजे वेगळा बंदोबस्त नसेल तर तेही ती वाचू शकतात. हा धोका ओळखूनच पीएचपी-एफपीएम ही व्यवस्था आली आणि २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीपासून ती मूळ पीएचपीचा भाग झाली. तिच्यात प्रत्येक ग्राहकाचा पीएचपी त्या ग्राहकाच्याच खात्याच्या नावाने चालवता येतो. तसे केले, की एफटीपीने ठेवलेली फाइल १००४ ची आणि ब्राउझरमधून आलेले छायाचित्रही १००४ चेच. फाइलींना ६४४, फोल्डरना ७५५ आणि पासवर्डच्या फाइलीला ६०० एवढे पुरते. शेजाऱ्याला तुमची पासवर्डची फाइल वाचता येत नाही. वर्डप्रेस पासवर्ड मागत नाही. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस लहान सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसवते, ती सोयही तेव्हाच चालते जेव्हा तिला आपल्या फाइली लिहिता येतात.

या व्यवस्थेतही एक उणीव आहे, ती लपवणे बरोबर नाही. पीएचपी मालकाच्या नावाने चालत असल्यामुळे एखाद्या प्लगइनमधून कोणी आत आलाच, तर त्याला त्या संकेतस्थळाच्या सर्व फाइली लिहिता येतात. मी वर सांगितलेले वेगळ्या मालकाचे संरक्षण येथे नसते. ज्या संस्थेकडे रोज लक्ष ठेवणारा जाणकार माणूस आहे, तिने वेगळे मालक ठेवावेत आणि अद्ययावत करण्याचे काम हाताने करावे. तो मार्ग अधिक कडक आहे. पण आमच्या वाचनालयासारख्या संस्थेत तसा माणूस नसतो. तिथे न बुजवलेले जुने भोक हाच सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून माझे मत पीएचपी-एफपीएमच्या बाजूने आहे. त्याच्या जोडीला छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालूच नये अशी अट सर्व्हरवर घालता येते. ती घालावी. आमच्याकडे ती असती, तर त्या पहाटे आलेली फाइल नुसती पडून राहिली असती.

ज्यांचा सर्व्हर जुन्याच पद्धतीचा आहे आणि लगेच बदलता येत नाही, त्यांच्यासाठीही ७७७ हे उत्तर नाही. एफटीपीचे खाते आणि वेब सर्व्हरचे खाते यांना एका गटात आणून, फक्त ज्या फोल्डरमध्ये संकेतस्थळाला लिहायचे आहे त्याच फोल्डरला २७७५ द्यावे. सुरुवातीचा २ म्हणजे त्या फोल्डरमध्ये निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाच्या नावे जाईल अशी तजवीज. दोन्हीकडचा युमास्क ००२ ठेवला, की नव्या फाइलींवर गटालाही लिहिता येते. हे काम रूटचे आहे आणि जाणकाराला ते करायला फार वेळ लागत नाही. हीच विनंती मी व्यापारी कुटुंबाच्या संकेतस्थळासाठी लेखी केली, तेव्हा ती मान्य झाली आणि त्यांच्या चादरींच्या नमुन्यांची चित्रे आता डिझाइनर एफटीपीने आणि दुकानातील मुलगा ब्राउझरमधून, दोघेही विनातक्रार बदलतात. याचा अर्थ मागितले तर मिळते. पण काय मागायचे हे ग्राहकाला माहीत असावे लागते.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून काही जणांना कळकळीची विनंती करायची आहे. सोलापुरात होस्टिंग विकणाऱ्या, मग ती स्वतःची असो की दुसऱ्या कंपनीची घेऊन पुढे दिलेली असो, सर्व व्यावसायिकांनी आपल्या दरपत्रकावर जागा किती जीबी आणि ईमेल किती, याच्या शेजारी ग्राहकाचा पीएचपी कोणत्या खात्याच्या नावाने चालतो, हे लिहावे. मदत-क्रमांकावर बसणाऱ्या मुलांना ७७७ सांगायची सवय लागली आहे, कारण त्याने तक्रार बहुधा त्या दिवसापुरती बंद होते. त्यांना दोष न देता त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना मालकाचा रकाना वाचायला शिकवावे. ज्या सर्व्हरवर सूएक्झेकसारखी, म्हणजे प्रोग्राम त्याच्या मालकाच्याच नावाने चालवणारी, व्यवस्था आहे, तिथे इतरांना लिहिता येईल असा प्रोग्राम सर्व्हर चालवतच नाही, सरळ ५०० क्रमांकाची चूक दाखवतो. म्हणजे एका ठिकाणी भोक पाडणारा हा सल्ला दुसऱ्या ठिकाणी चालते संकेतस्थळ बंद पाडतो.

संगणकाचे वर्ग चालवणारे आणि महाविद्यालयांतील शिक्षक यांनाही सांगणे आहे. संकेतस्थळ बनवायला शिकवताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या लॅपटॉपवर शिकवले जाते. तिथे सगळेच एका मालकाचे असते, त्यामुळे हा तंटा कधी दिसतच नाही. प्रत्यक्ष सर्व्हरवर गेल्यावर पहिल्याच दिवशी तो दिसतो, आणि मग मुले शोधून शोधून त्याच तीन आकड्यांपाशी पोहोचतात. परवानग्यांचे गणित शिकवले जाते, ४, २ आणि १ ची बेरीज परीक्षेत येते. पण फाइल ज्याने लिहिली तोच तिचा मालक होतो, आणि लिहिणारा हात नेहमी माणसाचाच नसतो, हे एक तास खर्चून प्रत्यक्ष दाखवले, तर पुढचे कितीतरी नुकसान टळेल.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी एवढेच करावे, की एफटीपीचा पासवर्ड संस्थेच्या नोंदवहीत ठेवावा, ज्याने संकेतस्थळ करून दिले त्याच्या खिशात नव्हे. साध्या एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, म्हणून शक्य असेल तिथे एसएफटीपी, म्हणजे सगळे सांकेतिक रूपात पाठवणारी पद्धत, मागून घ्यावी. आणि कोणी फोनवर ७७७ द्यायला सांगितले, तर ते देण्याआधी मालकाचा रकाना पाहून तो आकडा त्यांनाच वाचून दाखवावा.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने या वर्षी होस्टिंगची दरपत्रके मागवताना पहिल्याच ओळीत हा प्रश्न घातला : आमच्या संकेतस्थळाचा पीएचपी आमच्या एफटीपी खात्याच्याच नावाने चालेल काय? चार विक्रेत्यांपैकी दोघांनी लेखी होकार दिला, त्यांपैकी एकाकडे आम्ही गेलो. गेल्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंनी नव्या ग्रंथखरेदीची छायाचित्रे अपलोड केली, आणि मी त्यांच्या शेजारी बसून यादी उजवीकडे सरकवत नेली. त्यांची छायाचित्रे आणि मी ठेवलेल्या फाइली, सर्वांसमोर एकच आकडा होता. त्या मागणीपत्राचा मसुदा वाचनालयात ठेवला आहे. कोणत्याही संस्थेने येऊन त्याची प्रत न्यावी.

आपला नम्र,
एका सार्वजनिक वाचनालयाचा मानद कार्यकर्ता,
सोलापूर